सरकारी भूमिपूजनाचा यजमान कोण?

३ मार्च २०२४ रोजी पिंपरी-चिंचवडच्या नव्या न्यायालय इमारतीचा भूमिपूजन समारंभ झाला. त्या वेळी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असलेले अभय ओक आणि भूषण गवई दोघेही व्यासपीठावर होते. ओक यांनी तेथे स्पष्ट शब्दांत सांगितले की न्यायव्यवस्थेच्या कार्यक्रमांत पूजाअर्चा बंद व्हायला हवी, आणि कार्यक्रमाचा आरंभ संविधानाच्या उद्देशिकेची प्रतिमा ठेवून, तिच्यापुढे नतमस्तक होऊन करावा. कर्नाटक उच्च न्यायालयात असताना आपण असे धार्मिक विधी थांबवण्याचा प्रयत्न केला होता, ते पूर्णपणे थांबवता आले नाहीत, पण कमी करता आले, हेही त्यांनी सांगितले. भूमिपूजनाच्याच मांडवात उभे राहून हे बोलण्यासाठी जो ठामपणा लागतो त्याबद्दल मला आदर वाटतो. मात्र त्यानंतर जी चर्चा झाली, निदान माझ्या आसपास, ती श्रद्धाळू विरुद्ध नास्तिक अशी झाली. हा वाद त्या दोघांमधला नाही, असे माझे मत आहे.

मी स्वतः देव मानतो. आमच्या घरी रोज देवपूजा होते, श्रावणात सत्यनारायण होतो आणि आमच्या घराचे भूमिपूजन वडिलांनी यथाविधी केले होते. नोकरीची वर्षे मी एका नगरपालिकेच्या बांधकाम विभागात काढली. त्यामुळे रस्ते, पाण्याच्या टाक्या, समाजमंदिरे आणि शाळांच्या खोल्या यांची भूमिपूजने मी खुर्च्या मांडण्यापासून कोनशिलेवरील नावांचा क्रम ठरवण्यापर्यंत सर्व बाजूंनी पाहिली आहेत. सरकारी समारंभात प्रार्थना नसावी, या मताला मी श्रद्धा सोडून आलेलो नाही. पूजा म्हणजे काय हे माहीत असल्यामुळेच मी या मताला आलो.

पूजेला यजमान लागतो. गुरुजी मंत्र म्हणतात, पण पूजा गुरुजींची नसते. ती ज्याने संकल्प सोडला त्याची असते. संकल्पात शक, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी यांचा उच्चार होतो, मग यजमानाचे गोत्र आणि नाव येते, आणि त्याच्या कुटुंबाचे, परिवाराचे क्षेमकल्याण मागितले जाते. हा विधी पहिल्यापासून शेवटपर्यंत एका माणसाचा आणि त्याच्या कुळाचा आहे, आणि त्याचा हा घरगुतीपणाच त्याला अर्थ देतो. आता नगराध्यक्ष पाण्याच्या टाकीच्या जागेवर पाटावर बसतात तेव्हा संकल्प कोणाच्या नावाने सुटतो? गोत्र त्यांचे, नाव त्यांचे, कुटुंब त्यांचे. टाकी मात्र सगळ्या शहराची, आणि पैसा पाणीपट्टी भरणाऱ्या प्रत्येकाचा. त्यांनी ती पूजा व्यक्ती म्हणून केली असेल, तर शहराच्या मालमत्तेवर खासगी विधी झाला. नगराध्यक्ष म्हणून केली असेल, तर शहरातल्या प्रत्येकाच्या वतीने, म्हणजे ज्याला हा विधी मान्य नाही त्याच्याही वतीने, त्यांनी देवापुढे हात जोडले. पहिली गोष्ट अयोग्य आहे आणि दुसरी करण्याचा अधिकार त्यांना कोणी दिलेला नाही. निवडणुकीत आपण त्यांना रस्ते, पाणी आणि दिवाबत्तीसाठी निवडले. आपल्या वतीने देवाशी बोलण्यासाठी निवडले नाही.

हे केवळ तात्त्विक आहे असे कोणाला वाटत असेल, तर त्याने पाटावर कोण बसू शकते आणि कोण बसू शकत नाही हे पाहावे. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. गावोगाव महिला सरपंच झाल्या, त्यांत विधवाही आहेत. प्रत्यक्षात शाळाखोलीच्या भूमिपूजनाला काय होते? पूजेला सपत्नीक बसायचे म्हणून उपसरपंच आणि त्यांच्या पत्नी बसतात, आणि गावाने निवडलेली सरपंच बाजूच्या खुर्चीवर बसून ते पाहते. कोणी तिचा मुद्दाम अपमान करत नाही. उलट सगळे अतिशय सौजन्याने वागतात, 'ताई, तुम्ही फीत कापा' असे म्हणतात. तरीही ज्या क्षणी ग्रामपंचायतीचे काम सुरू होते त्या क्षणी तिचे पद बाजूला पडते आणि तिचे वैधव्य पुढे येते. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्याच्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथांवर बंदी घालणारा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना हेरवाडचे अनुकरण करण्याचे आवाहन केले. हेरवाडच्या ग्रामस्थांनी घरातल्या, मंगळसूत्र आणि बांगड्यांच्या प्रश्नाला हात घातला. सरकारी समारंभातला पाट हा त्याच प्रश्नाचा दुसरा भाग आहे आणि त्याकडे अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही.

दलित, बौद्ध, मुस्लिम किंवा ख्रिस्ती सरपंच असेल तर काय होते, हे वेगळे सांगायला नको. तोही बहुधा बसतो. नाही म्हणणे अवघड असते, गावाशी रोजचा संबंध असतो, आणि एका नारळावरून वाद कशाला, असा विचार तो करतो. मला जी सक्ती सर्वांत चिंतेची वाटते ती हीच. कोणी जबरदस्ती करत नाही, पण नकार दिला की माणूस डोळ्यांत भरतो. २०१३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे नाशिकच्या एका शाळेतील शिक्षकाचे प्रकरण आले होते. प्रार्थनेच्या वेळी तो उभा राहत होता, पण हात जोडत नव्हता, आणि त्यावरून शाळेने त्याच्याविरुद्ध पावले उचलली होती. न्यायालयाने त्याची बाजू मान्य केली. संविधानाच्या अनुच्छेद २८ मध्ये, शासनमान्य किंवा शासनाचे अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेला उपस्थित राहायला लावता येणार नाही, असे म्हटले आहे. शाळेतल्या शिक्षकाला जे संरक्षण आहे ते नगरपालिकेच्या लिपिकाला, अभियंत्याला, चौकीदाराला समारंभाच्या मांडवात मिळत नाही, कारण तेथे कोणी लेखी आदेश काढत नाही. साहेब उभे आहेत म्हणून सगळे उभे राहतात, साहेबांनी हात जोडले म्हणून सगळे जोडतात.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. १ मे २०१० रोजी गुजरात उच्च न्यायालयाच्या नव्या इमारतीचे भूमिपूजन राज्यपाल आणि मुख्य न्यायमूर्तींच्या उपस्थितीत झाले. त्याविरुद्ध एका नागरिकाने जनहित याचिका केली. २०११ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने ती फेटाळली. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे होते की बांधकामामुळे धरतीला जी इजा होते तिच्याबद्दल क्षमा मागणे आणि काम निर्विघ्न पार पडावे अशी इच्छा करणे यात सर्वांचेच कल्याण आहे, म्हणून ते धर्मनिरपेक्षतेच्या विरुद्ध नाही. याचिकाकर्त्याला २०,००० रुपये खर्चही भरायला लावला. या खर्चाच्या आदेशाने मला निकालापेक्षा जास्त त्रास झाला. नागरिकाने न्यायालयाला विचारलेला हा प्रश्न प्रामाणिक होता, आणि त्याला दंडासारखे उत्तर मिळायला नको होते.

पण निकालातली मूळ भावना मी नाकारू शकत नाही. जमिनीवर कुदळ मारण्यापूर्वी तिची क्षमा मागणे ही आपल्या संस्कृतीतली फार सुंदर गोष्ट आहे. सकाळी अंथरुणातून उठताना जमिनीला पाय लावण्यापूर्वी तिला वंदन करणारी आजी आमच्या पिढीतल्या अनेकांनी पाहिली आहे. ही भावना शासनाच्या कामात उतरावी असे मलाही मनापासून वाटते. प्रश्न इतकाच की शासनाने ती कशी व्यक्त करावी. शासनाकडे जमिनीची क्षमा मागण्याचे स्वतःचे मार्ग आहेत. महाराष्ट्रात १९७५ पासून शहरी भागातील झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. झाड तोडायचे तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते, त्याबदल्यात नवी झाडे लावावी लागतात. ही झाडे कोठे लावली, त्यांतली किती जगली, याचा हिशेब किती भूमिपूजनांत मांडला जातो? मी नोकरीत असताना एकाही समारंभात तो वाचून दाखवलेला ऐकला नाही. धरतीला झालेल्या इजेची जाणीव जिथे खरी असेल तिथे ती नारळाबरोबर संपणार नाही, झाडांच्या नोंदवहीपर्यंत जाईल. आणि हा विधी खरोखर सर्वांच्या कल्याणाचा, सर्वांना सारखाच खुला असता, तर विधवा सरपंचाला बाजूची खुर्ची मिळाली नसती.

या सगळ्या वादात मी पुन्हा पुन्हा संविधान सभेच्या एका दिवसाकडे वळतो. १७ ऑक्टोबर १९४९ रोजी उद्देशिकेवर चर्चा चालू होती. हरी विष्णू कामत यांनी दुरुस्ती मांडली की उद्देशिकेचा आरंभ 'ईश्वराच्या नावाने, आम्ही भारताचे लोक' असा व्हावा. कामत हे श्रद्धावान गृहस्थ होते आणि त्यांनी ही दुरुस्ती मोठ्या निष्ठेने मांडली होती. त्यानंतरची चर्चा वाचताना मला आश्चर्य वाटते ते असे की तिच्या विरोधात बोलणाऱ्यांपैकी कोणीही देव नाही असे म्हणत नव्हता. त्रावणकोरचे पट्टम थाणू पिल्लै म्हणाले की देव मानायचा की नाही हा प्रत्येकाचा अधिकार आहे आणि ही दुरुस्ती स्वीकारली तर त्यात सक्ती येईल. आसामचे रोहिणीकुमार चौधरी म्हणाले की आम्ही कामरूपचे लोक कामाख्या देवीचे उपासक आहोत, मग ईश्वराऐवजी देवीचे नाव का नको? पूर्णिमा बॅनर्जी यांनी तर कामतांना कळकळीने विनवले की देवावर मतदान करण्याच्या अवघड प्रसंगात सभेला टाकू नका. हृदयनाथ कुंझरू यांनी मुद्द्याचे मर्म सांगितले. ज्या उद्देशिकेत आपण प्रत्येकाला विचार, श्रद्धा आणि उपासनेचे स्वातंत्र्य देत आहोत, तिच्याच आरंभी एक सामूहिक श्रद्धा सगळ्यांवर लादली तर ते त्या उद्देशिकेशीच विसंगत होईल, असे त्यांचे म्हणणे होते. आपल्या सर्वांत पवित्र भावना वादाच्या आखाड्यात याव्यात, याचे त्यांना दुःख झाले होते.

कामतांनी दुरुस्ती मागे घेतली नाही. मतदान झाले. बाजूने ४१ आणि विरोधात ६८ मते पडली. कामत म्हणाले की हा आपल्या इतिहासातील काळा दिवस आहे. मला त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटते, पण मी त्यांच्याशी सहमत नाही. ज्या ६८ जणांनी विरोधी मत दिले त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी रोज पूजा होत असणार. त्यांनी देवाविरुद्ध मत दिले नाही. आपल्या देवाला सरकारी कागदावर आणून त्याच्यावर हात वर करून मते मोजण्याची वेळ पुन्हा कधी येऊ नये, म्हणून मत दिले. 'धर्मनिरपेक्ष' हा शब्द उद्देशिकेत १९७६ च्या घटनादुरुस्तीने आला, आणि त्यावरून आजही वाद घातला जातो. पण देवाचे नाव उद्देशिकेत नसावे हा निर्णय त्याच्या कितीतरी आधीचा, मूळ संविधान सभेचा आहे.

त्याच संविधान सभेने शपथेच्या बाबतीत वेगळा मार्ग काढला आणि तो मला फार सुज्ञपणाचा वाटतो. मंत्री, आमदार, न्यायमूर्ती यांना तिसऱ्या अनुसूचीत दोन पर्याय दिलेले आहेत. ज्याला हवे त्याने ईश्वराला साक्षी ठेवून शपथ घ्यावी, ज्याला नको त्याने ईश्वराचे नाव न घेता गांभीर्यपूर्वक वचन द्यावे. दोघांचे पद सारखे, दोघांचे कर्तव्य सारखे. येथे बोलणारा स्वतःपुरते बोलतो, दुसऱ्याच्या वतीने नाही. शपथ वैयक्तिक असते, म्हणून तिच्यात देवाला जागा आहे. उद्देशिका 'आम्ही' म्हणून बोलते, म्हणून तिच्यात नाही. नगरपालिकेचा समारंभ या दोहोंपैकी कोणासारखा आहे, याचे उत्तर मला तरी उघड दिसते.

कोणी म्हणेल की मग सर्वधर्म प्रार्थना करावी. नव्या संसद भवनाच्या १० डिसेंबर २०२० च्या भूमिपूजनात शृंगेरी मठाच्या पुरोहितांनी विधी केले आणि सोबत सर्वधर्म प्रार्थनाही झाली. २८ मे २०२३ च्या उद्घाटनातही होमहवनानंतर सर्वधर्म प्रार्थना झाली. हेतू चांगला असू शकतो. पण एका धर्माचा विधी आणि बाकीच्यांची प्रार्थना असा क्रम लागला की त्या क्रमातच यजमान कोण आणि पाहुणे कोण हे ठरून जाते. आणि क्रम समान केला, तरी यादी कोण करणार? आदिवासींच्या देवांचे नाव त्यात कोण घेणार, निरीश्वरवादी जैन विचाराला किंवा बौद्धांना प्रार्थना या प्रकारात कसे बसवणार, आणि ज्याला कोणताच देव मान्य नाही त्याची जागा कोठे? ही यादी जितकी लांबवावी तितका वगळलेल्यांचा सल वाढतो.

सर्वधर्म प्रार्थना म्हटली की गांधीजींचे नाव येते, म्हणून त्यांच्याबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. गांधीजींच्या सायंप्रार्थना जाहीर होत्या, त्यांत गीता, कुराण, बायबल, पारशी वचने सर्व असे. पण त्या सरकारी नव्हत्या. १९४७ च्या एप्रिलमध्ये दिल्लीच्या वाल्मीकी वस्तीत प्रार्थना चालू असताना कुराणातील वचनांना श्रोत्यांतून आक्षेप घेतला गेला. गांधीजींनी त्या दिवशीची प्रार्थना थांबवली. हरकत घेणाऱ्यांना हाकलून देऊन, किंवा बहुसंख्य श्रोत्यांना हवी आहे म्हणून, ती पुढे रेटली नाही. एका माणसाचा विरोधही त्यांना मोजावासा वाटला. हरकत घेणाऱ्यांचे मन वळेपर्यंत थांबण्याची तयारी असलेली ती प्रार्थना होती. राजशिष्टाचाराच्या वेळापत्रकात बसवलेल्या, मंत्र्यांच्या गाडीच्या वेळेप्रमाणे चालणाऱ्या प्रार्थनेला असे थांबता येत नाही. गांधीजींचा दाखला सरकारी प्रार्थनेच्या बाजूने देणाऱ्यांनी हा फरक लक्षात घ्यावा.

सोमनाथच्या बाबतीतही त्यांनी अशीच रेषा आखली होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये सरदार पटेल आणि आपले काकासाहेब गाडगीळ, जे तेव्हा केंद्रात मंत्री होते, सोमनाथला गेले आणि मंदिराच्या पुनर्निर्माणाची घोषणा झाली. गांधीजींनी मंदिराला विरोध केला नाही. खर्च सरकारी तिजोरीतून नको, लोकांच्या वर्गणीतून व्हावा, असे सांगितले, आणि त्याप्रमाणे विश्वस्त मंडळ नेमून वर्गणी जमवली गेली. देव लोकांचा, म्हणून खर्चही लोकांनी स्वेच्छेने करावा. आमच्याकडच्या भूमिपूजनाचा खर्च मात्र मी पाहिलेल्या बहुतेक वेळा ठेकेदार करत असे: मांडव, हार, नारळ, गुरुजींची दक्षिणा, पेढे. हिशेबात तो कोठेही दिसत नसे. ज्या ठेकेदाराच्या कामाची मोजमापे उद्या आपल्याला घ्यायची आहेत त्याच्या पैशाने देवापुढे बसायचे, यात देवाचाही मान राहत नाही आणि पदाचाही.

परदेशाकडे एकदाच पाहतो, कारण तेथे आपण दुसऱ्या बाजूला असतो. १२ जुलै २००७ रोजी अमेरिकी सिनेटच्या कामकाजाचा आरंभ पहिल्यांदाच हिंदू प्रार्थनेने झाला. पुरोहित बोलू लागताच प्रेक्षकसज्जातून काही ख्रिस्ती निदर्शकांनी ओरडून ती प्रार्थना अडवण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना अटक करावी लागली. ते वाचून आपल्याकडे अनेकांना संताप आला, तो योग्यच होता. न्यूयॉर्क राज्यातील ग्रीस नावाच्या नगरात नगरसभेच्या आरंभी प्रार्थना होत, आणि १९९९ ते २००७ या काळात त्या केवळ ख्रिस्ती धर्मोपदेशकच म्हणत. २०१४ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ती प्रथा वैध ठरवली. याउलट कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये क्वेबेकमधील सॅगने शहराच्या महापालिकेतील प्रार्थना बंद करायला लावली. त्या दोन्ही देशांत आज कितीतरी मराठी कुटुंबे राहतात. घराच्या कुंपणाच्या परवानगीसाठी नगरसभेत गेलेल्या आपल्या मुलाने किंवा सुनेने, येशूच्या नावाने चाललेल्या प्रार्थनेत मान खाली घालून उभे राहायचे की बसून राहून सर्वांच्या नजरा ओढवून घ्यायच्या, आणि त्याच लोकांकडे नंतर अर्ज द्यायचा, हा प्रसंग डोळ्यांपुढे आणला की आपल्या गावातल्या मुस्लिम किंवा बौद्ध नागरिकाचा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

पंढरपूरबद्दल विचारणा होणार, हे मला ठाऊक आहे. आषाढी एकादशीला मुख्यमंत्री पहाटे विठ्ठलाची शासकीय महापूजा करतात आणि दर्शनरांगेतील एका वारकरी दांपत्याला सोबत पूजेचा मान मिळतो. ही गोष्ट मला भूमिपूजनापेक्षा थोडी वेगळी वाटते, कारण येथे शासन देवाच्या घरी जाते. देवाला कचेरीत आणून बसवत नाही. तरीही 'शासकीय' या विशेषणाने मी अस्वस्थ होतो. २०१८ मध्ये मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे मुख्यमंत्र्यांना पंढरपूरला न जाता आपल्या निवासस्थानी पूजा करावी लागली. कार्तिकी एकादशीची महापूजा उपमुख्यमंत्र्यांच्या हस्ते होते; २०२३ मध्ये राज्यात दोन उपमुख्यमंत्री असल्याने तिला कोणाला बोलवायचे, हाच प्रश्न झाला. पूजा पदाला जोडली की पदाभोवतीचे सगळे राजकारण गाभाऱ्यात येते. त्या रांगेत तासन्तास उभा राहिलेला वारकरीच पूजेला पुरेसा आहे, त्याच्या शेजारी कोणाचे पद असण्याची गरज नाही, असे मला वाटते. मुख्यमंत्र्यांनी भक्त म्हणून जरूर जावे.

दीपप्रज्वलनाला किंवा खंडेनवमीला एसटीच्या चालकाने आपल्या गाडीला घातलेल्या हाराला माझा विरोध नाही. चालक हार घालतो तो स्वतःच्या हाताने, स्वतःच्या पैशाने, आणि शेजारच्या गाडीच्या चालकाने घातला नाही तर त्याला कोणी विचारत नाही. इमारतीच्या जागेवर काम सुरू करताना मुकादम आणि मजूर आपापल्या रीतीने नारळ वाढवतात तेही असेच. ते त्यांच्या कष्टाचे, धोक्याचे काम आहे आणि त्यांना ज्याचे नाव घ्यावेसे वाटते त्याचे त्यांनी घ्यावे. दिवा लावण्यात देवाला उद्देशून काही बोलावे लागत नाही; ज्याला त्यात देव दिसतो त्याला दिसतो, ज्याला केवळ प्रकाश दिसतो त्याला तेवढाच. अर्थात दिव्याखाली कोणत्या देवाची मूर्ती ठेवली आहे यावर हे अवलंबून आहे, आणि तिथेही विचारपूर्वक वागावे लागेल.

न्यायमूर्ती ओक यांच्या सूचनेत मी एक बदल सुचवू इच्छितो. उद्देशिकेपुढे नतमस्तक होण्याऐवजी ती वाचावी. आपल्याकडे कोणत्याही गोष्टीला हार घालून नमस्कार केला की ती वाचण्याची जबाबदारी संपते, हे थोर पुरुषांच्या प्रतिमापूजनाने आपण पुरेसे पाहिले आहे. तिचे वाचन साहेबांनी न करता त्या गावच्या शाळेतील मुलीने, पाणी सोडणाऱ्या कर्मचाऱ्याने किंवा जागेवर काम करणाऱ्या मजुराने करावे.

आणि त्यानंतर जो संकल्प सोडायचा तो नागरिकांपुढे सोडावा. कामाची मंजूर रक्कम किती, निधी कोणत्या योजनेतून आला, कार्यारंभ आदेशाची तारीख कोणती, काम पूर्ण करण्याची मुदत किती, ठेकेदार कोण, काम बिघडले तर किती वर्षे ते त्याने स्वखर्चाने दुरुस्त करायचे, झाडे किती तोडली आणि त्याबदल्यात कोठे लावणार, हे सर्व सरपंचांनी किंवा नगराध्यक्षांनी ध्वनिक्षेपकावरून वाचून दाखवावे आणि सहीसह फलकावर लावावे. ही माहिती देण्याचा अधिकार त्यांना आहे आणि ती ऐकण्याचा अधिकार मांडवातल्या प्रत्येकाला आहे, मग तो कोणत्याही देवाचा असो वा कोणाचाच नसो. यासाठी नवा कायदा लागत नाही. ग्रामपंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या निधीतून होणाऱ्या कामांचा आरंभ उद्देशिकेच्या वाचनाने आणि कामाच्या तपशिलाने होईल, त्यात कोणताही धार्मिक विधी होणार नाही, आणि समारंभाचा कोणताही खर्च ठेकेदाराकडून घेतला जाणार नाही, एवढा ठराव कोणत्याही ग्रामसभेला किंवा नगरपालिकेच्या सभेला साध्या बहुमताने करता येईल. हेरवाडने आपला ठराव केला तेव्हा त्यांनीही मुंबईच्या आदेशाची वाट पाहिली नव्हती. आमच्या गावच्या येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडण्यासाठी मी लेखी अर्ज दिला आहे.